परवाना धोरणाचा मसुदा आणि लीजवरची सही

प्रश्न : लंडनमधल्या आमच्या कौन्सिलने दारू आणि रात्रीच्या खाण्यापिण्याच्या लायसन्सचं नवं धोरण तयार करून लोकांची मतं मागवली आहेत. माझं वडापाव-मिसळीचं छोटं दुकान आहे. आता हाय स्ट्रीटवर मोठी जागा घेऊन बारसह रेस्तराँ काढायचं, रात्री एकपर्यंत चालवायचं असं चाललंय. नेमके त्याच रस्त्यावर नवे परवाने आवळायचे, असं मसुद्यात आहे. मी विरोधात लिहिलं तर उद्या माझ्या अर्जावर राग निघेल का? ओळखीच्या शे-दीडशे जणांकडून एकच मजकूर पाठवला तर फरक पडेल का? जागामालक याच महिन्यात लीजवर सही मागतोय, त्यामुळे घाई आहे.

उत्तर : दारूविक्री, करमणुकीचे कार्यक्रम आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतली गरम खाण्यापिण्याची विक्री यांसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टनुसार परवाना लागतो. परवाने देताना कौन्सिल कोणत्या धोरणाने चालणार, हे तिने दर पाच वर्षांनी लेखी जाहीर करायचे असते. त्याआधी पोलीस, अग्निशमन यंत्रणा आणि परवानाधारक, व्यापारी, रहिवासी यांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकणे कायद्याने बंधनकारक आहे. मसुद्याला विरोध केला म्हणून अर्ज नाकारला, तर तो निर्णय अपिलात टिकणार नाही. रागाची धास्ती सोडून द्यावी.

एकाच मजकुराची शे-दीडशे पत्रे पाठवू नयेत. ही सल्लामसलत आहे, मतदान नव्हे. हॅकनी कौन्सिलच्या २०१८ च्या धोरणावर आलेली बहुसंख्य मते विरोधी होती, तरी धोरण मंजूर झाले.

वजन पडते ते मुद्देसूद उत्तराचे. कायद्याची उद्दिष्टे चार : गुन्हे व बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांना अपायापासून जपणे. धंदा बुडेल, स्पर्धा वाढेल, भागाला आणखी एका हॉटेलची गरज आहे, हे युक्तिवाद या चौकटीबाहेरचे. मसुद्यासोबत दिलेली गुन्ह्यांची आणि तक्रारींची आकडेवारी वाचावी. ती उभ्याने पिण्याच्या बारबद्दल आहे की बसून जेवणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल, ते पाहावे. जेवणासोबत टेबलावरच दारू देणाऱ्या रेस्तराँसाठी धोरणात वेगळे वाक्य घाला, अशी नेमकी मागणी करावी आणि ते वाक्य स्वतःच लिहून द्यावे. असे दोन पानी उत्तर अधिकाऱ्यांना टिपणीत घ्यावे लागते. नुसता निषेध एका ओळीत आटोपतो.

पत्रातला खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे, आणि तो प्रश्न म्हणून विचारलेलाच नाही. सही आधी करावी का? करू नये. परवान्याच्या भरवशावर केलेल्या लीजने जेवढी कुटुंबे कर्जात गेली, तेवढी कौन्सिलच्या कोणत्याही धोरणाने गेली नसतील.

एखाद्या रस्त्यावर परवान्यांची आधीच गर्दी झाली आहे, असे कौन्सिल पुराव्यानिशी ठरवू शकते. मसुद्यात हे प्रकरण ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट असेसमेंट’ या नावाने येते. एप्रिल २०१८ पासून त्याला कायद्यातच स्थान मिळाले असून दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. अशा रस्त्यावर नवा परवाना मागणाऱ्याला आपल्या धंद्याने त्रासात भर पडणार नाही, हे दाखवावे लागते. एजंट इथे सांगतात की कोणी हरकतच घेतली नाही तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. हे खरे आहे. पण अर्जानंतर २८ दिवस हरकतींना मोकळे असतात, आणि अशा रस्त्यावर पोलीस किंवा कौन्सिलचाच एखादा विभाग गप्प बसेल, यावर घरदार लावणे शहाणपणाचे नाही. एक हरकत आली तरी प्रकरण नगरसेवकांच्या उपसमितीपुढे जाते. तिथे पुष्कळदा सरळ नकार मिळत नाही. एकऐवजी अकरा वाजता बंद करा, बार काऊंटर काढा, अशा अटींवर परवाना मिळतो. भाडे मात्र रात्री एकच्या गल्ल्याच्या हिशेबाने कबूल केलेले असते. परवाना नाकारला किंवा कापला म्हणून लीज आपोआप सुटत नाही. लीज कंपनीच्या नावावर असली तरी मालकाने बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी घेतलेली असते, म्हणजे कंपनी बुडवूनही भाडे चुकत नाही.

‘इथे आधीपासून लायसन्स आहेच’ हे त्या सापळ्यातले सर्वांत गोड वाक्य. परवानाधारक कंपनी दिवाळखोरीत गेली किंवा विसर्जित झाली, तर परवाना संपतो, आणि तो वाचवण्यासाठी साधारण २८ दिवसांचीच मुदत असते. रिकामी पडलेली जागा अनेकदा अशाच बुडालेल्या हॉटेलची असते. परवाना जिवंत असला तरी जुन्या मालकावर घातलेल्या अटींसकट मिळतो. म्हणून परवान्याची पूर्ण प्रत, अटींच्या परिशिष्टांसह, कौन्सिलकडून मागवून वाचावी. एजंटने पाठवलेला पहिल्या पानाचा फोटो पुरेसा नाही.

मार्ग सोपा आहे आणि घाईत तोच सुटतो. परवान्याचा अर्ज करायला लीज हातात असावी लागत नाही. त्या जागेत धंदा करण्याचा इरादा असलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. सॉलिसिटरकडून मालकाशी सशर्त करार करून घ्यावा : ठरलेल्या वेळांचा परवाना मिळाला आणि मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करण्याची २१ दिवसांची मुदत उलटली, की मगच लीज सुरू होईल. वेळा आणि मान्य असलेल्या अटी करारात आकड्यांसह लिहाव्यात. ‘परवाना मिळाल्यास’ एवढ्या मोघम शब्दांवर अकरापर्यंतचा परवानाही मिळालाच असे ठरेल. नवे धोरण पूर्ण कौन्सिलपुढे कधी येणार आणि कोणत्या तारखेपासून लागू होणार, तेही लेखी विचारून घ्यावे. प्लॅनिंगची परवानगी ही स्वतंत्र बाब आहे. रेस्तराँ आणि दुकान एकाच वापरवर्गात येतात, बार येत नाही. शिवाय इमारतीच्या जुन्या परवानगीत वेळेची अट असू शकते. मालक सशर्त कराराला तयार नसेल आणि ‘दुसरे गिऱ्हाईक रांगेत आहे’ म्हणत असेल, तर ते त्या गिऱ्हाइकाला लखलाभ होवो.

जाता जाता, सध्याच्या दुकानाबद्दल. तिथून रात्री अकरानंतर गरम वडापाव किंवा चहा विकला जात असेल, परवाना नसेल आणि कौन्सिलने त्या भागाला सूट दिलेली नसेल, तर तो गुन्हा आहे. त्याला अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नव्या अर्जावर हरकत घेणाऱ्या पोलिसांना अशी नोंद आयतीच सापडते. ती विक्री आजच बंद करावी.