अंदाजाला गुण किती?

"मी तेव्हाच म्हटले होते!" हे वाक्य तुमच्या घरात आठवड्यातून किती वेळा ऐकू येते, ते एकदा मोजून पाहा. घट्ट विजारी जाऊन ढगळ विजारी आल्या की मोठी ताई ते म्हणते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी गाडीवर क्यूआर कोडची पाटी लावली की काका म्हणतात. म्हटलेले खरे ठरले नाही, तर मात्र सगळे गप्प असतात. कॅसेटी घराघरांतून कधीच जाणार नाहीत, असे प्रस्तुत लेखक एके काळी छातीठोकपणे सांगत असे. सुदैवाने ते कोणी लिहून ठेवले नाही.

लोक खोटे बोलतात, असे समजू नका. गंमत अशी, की आपली आठवणच आपल्याला फसवते. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले. त्या दौऱ्यात काय काय घडेल याची संभाव्यता बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांकडून आधीच आकड्यांत लिहून घेतली होती. दौरा आटोपल्यावर त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना विचारले, "तुम्ही तेव्हा कोणते आकडे दिले होते, आठवते का?" ज्या गोष्टी घडल्या असे विद्यार्थ्यांना वाटत होते, त्यांना आपण मूळच्यापेक्षा मोठे आकडे दिले होते, असे बहुतेकांना 'आठवले'! हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा पहिला नियम हा, की अंदाज लिहून ठेवावा. पण कसा लिहावा? "चित्रफोन येणार" असे कोणी लिहिले, तर ते बरोबर की चूक? न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक जत्रेत एकमेकांचा चेहरा दाखवणारा टेलिफोन लोकांनी पाहिला. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा विकायलाही सुरुवात झाली. महिन्याचे भाडे होते १६० डॉलर. यंत्र चालत होते, पण घेणारे फारच थोडे निघाले. पुढे मोबाइल व स्वस्त इंटरनेट आले आणि २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच पडद्यावर भरू लागली. म्हणजे अंदाज १९७५ मध्ये चूक आणि २०२० मध्ये बरोबर! वस्तू बनवता येणे ही एक गोष्ट आणि ती लोकांना परवडणे व हवीशी वाटणे ही दुसरी. अंदाजाला तारीख हवी, आणि तो खरा ठरला हे कशावरून ठरवायचे, तेही आधीच लिहिलेले हवे. "ढगळ विजारींची फॅशन जाईल" असे लिहू नका. "येत्या ३१ मार्चला संध्याकाळी आपल्या एसटी स्थानकावर दिसणाऱ्या पहिल्या ५० कॉलेजच्या मुलांपैकी २० पेक्षा कमी जणांच्या विजारी ढगळ असतील" असे लिहा. (ढगळ कशाला म्हणायचे, यावर वर्गात भांडण होईल. ते आधीच होऊ द्या.)

'बहुधा', 'दाट शक्यता' या शब्दांचीही अशीच अडचण आहे. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याने एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' वर्तवली होती. खात्यातील शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारले, की या शब्दांचा अर्थ तुम्ही आकड्यांत काय घेतला होता? एकाच वाक्यावर एकमत झालेल्या त्या मंडळींची उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली होती. युद्ध होईल की नाही, हा प्रश्न असताना!

म्हणून शब्दांऐवजी आकडा द्यावा. आकडा दिला की गुणही देता येतात. ही युक्ती हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडली. तिचे सोपे रूप असे: घटना घडली तर १ आणि न घडली तर ० धरा. तुम्ही दिलेली संभाव्यता आणि हा आकडा यांतील फरकाचा वर्ग करा. सर्व अंदाजांच्या वर्गांची सरासरी म्हणजे तुमचे गुण. हे गुण धावण्याच्या शर्यतीतील वेळेसारखे आहेत, जितके कमी तितके चांगले.

समजा, तीन मैत्रिणींनी तेच दहा अंदाज केले आणि त्यांतले सात खरे ठरले. सुनंदा प्रत्येक वेळी "नक्की होणार" म्हणाली, म्हणजे तिची संभाव्यता १. सात वेळा तिचा फरक शून्य, तीन वेळा १. बेरीज ३, सरासरी ०.३०. भित्री मालती दर वेळी ०.५ म्हणाली. तिचा फरक नेहमी ०.५, वर्ग ०.२५, म्हणून सरासरीही ०.२५. शुभांगी दर वेळी ०.७ म्हणाली. सात वेळा ०.०९ आणि तीन वेळा ०.४९, बेरीज २.१०, सरासरी ०.२१. नीट पाहा: ठामपणे बोलणारी सुनंदा काहीच न सांगणाऱ्या मालतीच्याही मागे पडली!

आता शुभांगीने ०.६ किंवा ०.८ म्हटले असते तर? स्वतः करून पाहा. दोन्हींचे उत्तर ०.२२ येते. मनात ०.७ असताना भीड म्हणून कमी किंवा ऐट म्हणून जास्त सांगितले, तर तोटाच होतो. ब्रायर यांच्या रीतीची खरी खुबी हीच आहे.

हा प्रयोग वर्गात करता येईल. प्रत्येकाने तीन महिन्यांत निकाल लागेल असे वीस अंदाज लिहावेत: पेट्रोलचा भाव, शाळेच्या कबड्डी संघाचा सामना, गावात पहिला वळीव कधी पडेल, असे काहीही. प्रत्येकापुढे संभाव्यता लिहून कागद पाकिटात बंद करून गुरुजींकडे द्यावा. वीस अंदाजांत योगायोगाचा वाटा मोठा असतो, म्हणून एकदाच्या गुणांवरून कोणाला हुशार ठरवू नका, वर्षभर चालवा. तीन महिन्यांनी पाकीट फोडण्यापूर्वी मात्र अंदाजांची नुसती यादी फळ्यावर लिहा, आणि आपण कशाला किती आकडा दिला होता, तो प्रत्येकाने आठवून वहीत मांडावा. मग पाकीट उघडून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.