टेंडर म्हणजे हळवा

इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर ‘टेंडर’ शब्द लिहिला. मला वाटले, रस्त्याचे टेंडर. सगळे हसले. गुरुजी म्हणाले, ते निराळे. हे टेंडर म्हणजे कोवळे. शहाळ्याला टेंडर कोकोनट म्हणतात. मनाला लावले की अर्थ होतो हळवे.

हळवा शब्द मला आवडत नव्हता. मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. तिथे मूर्ती टेम्पोत चढवताना मला रडू आले. मुले ‘हळवा, हळवा’ करून चिडवू लागली.

आमचे गाव रोह्याजवळ. घरी आल्यावर आजीला सांगितले. ती म्हणाली, “अरे, आपले वरच्या शेतातले भातपण हळवेच ना!” हळवे भात 120 दिवसांच्या आत तयार होते. गरव्याला 135 च्या वर लागतात. पाऊस लवकर गेला तर गरव्याचे दाणे भरत नाहीत, पण हळवे तोवर पिकलेले असते.

मराठीत हळवा मुलगा, हळवी मुलगी, हळवे मन असे बदलते. इंग्रजीत सगळ्यांना टेंडरच. सोपे आहे! मग हळव्या भातालाही टेंडर का? मी विचारले. गुरुजी म्हणाले, “नाही रे, त्याला अर्ली म्हणतात.”