गोदामाचा राखणदार उपाशी नको

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचं धानाचं गोदाम आहे. चोरीच्या भीतीनं कुत्रा ठेवायचा आहे. उपाशी आणि साखळीला ठेवला की तो जास्त कडक होतो म्हणतात. खरं का?
– एक वाचक, खैरलांजी (जि. बालाघाट)

उत्तर : नाही भाऊ. उपाशी कुत्रा चोरानं फेकलेला विषारी तुकडाही खातो, आणि सतत बांधलेला असला तर हमालांवरच धावतो. त्याचं काम भुंकून चौकीदाराला उठवणं, चोर पकडणं नव्हे. म्हणजे चौकीदार हवाच. ऊन सोसणारं गावठी पिल्लू घ्या, पोटभर खाऊ घाला, रात्री कुंपणाच्या आत मोकळं सोडा. बिबट्याचा वावर असेल तर उघड्यावर साखळीला मुळीच बांधू नका, त्याला पळताही येणार नाही.

खरी काळजी औषधांची. थप्प्यांवर ताडपत्री टाकून सल्फासच्या गोळ्या ठेवतात, त्यातला फॉस्फिन वायू कुत्र्याचा जीव घेतो आणि माणसाचाही. धुरी चालू असेपर्यंत त्याला दुसरीकडे हलवा. विष खाऊन मेलेला उंदीरही त्याच्या तोंडी लागू देऊ नका.

रेबीजची लस तीन महिन्यांचा झाला की द्या, पुढे दरवर्षी. फाटकावर पाटी लावा. तुमच्या निष्काळजीपणानं कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू शकतं. कुणाला चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.