सांडपाण्याच्या एका बाटलीतून

शितावरून भाताची परीक्षा होते हे आपण घरी रोज पाहतो. पातेले ढवळलेले असले, की एक शीत चेपून साऱ्या भाताविषयी सांगता येते. साऱ्या शहराच्या प्रकृतीची अशी परीक्षा करता येईल काय? येते. मात्र शीत गटारातून घ्यावे लागते!

मुंबईत २००१ सालापासून सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यांत पोलिओचे विषाणू शोधले जाऊ लागले. २०१० च्या नोव्हेंबरनंतर तेथील नमुन्यांत पोलिओचा मूळ, रानटी विषाणू आढळला नाही. देशातील त्याचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. आज हीच युक्ती एका वेगळ्या शत्रूसाठी वापरली जात आहे. तो शत्रू म्हणजे औषधाला दाद न देणारे जीवाणू.

प्रतिरोध कसा वाढतो?

प्रतिजैविक औषध घेतले, की बहुतेक जीवाणू मरतात. ज्या थोड्यांपाशी औषध निष्प्रभ करणारे जनुक असते, ते उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय जीवाणू अशी जनुके शेजारच्या जीवाणूंनाही देतात. अपुऱ्या मात्रेने हा धोका वाढतो, हे पेनिसिलिनचे संशोधक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच सांगितले होते.

ई. कोलाय हा जीवाणू आपणा सर्वांच्या आतड्यांत असतो. मैल्याबरोबर तो गटारात जातो. म्हणून गटारातल्या एका बाटलीत हजारो माणसांचा वाटा असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुण्याच्या मुठा नदीतला गाळ तपासला. शहराच्या वरच्या अंगाच्या गाळापेक्षा शहरातल्या गाळात प्रतिरोधी जनुकांचे प्रमाण सुमारे ३० पट आढळले. अगदी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांविरुद्धची जनुकेही त्यांत होती.

मोजायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एक सोपी पद्धत सुचवली. जीवाणूंचे खाद्य घातलेल्या दोन बशा घ्यावयाच्या. एकीत साधे खाद्य, दुसरीत त्याच खाद्यात सेफोटॅक्झिम हे औषध. दोन्हींवर सारखेच सांडपाणी पसरून दुसऱ्या दिवशी ई. कोलायच्या वसाहती मोजावयाच्या.

समजा, पहिलीत ८० व दुसरीत २० वसाहती आल्या. प्रतिरोधी जीवाणू २५ टक्के झाले. आता पाऊस पडला आणि सांडपाणी चौपट पातळ झाले. वसाहती २० व ५ येतील. प्रतिरोधी वसाहती २० वरून ५ वर आल्या म्हणून आनंद मानावा काय? नाही, प्रमाण अजून २५ टक्केच आहे! म्हणून नुसती संख्या नव्हे, तर गुणोत्तर पाहावे. मात्र पावसाने गुरांचे शेणही वाहून आणले, तर त्यातले जीवाणू मिसळून गुणोत्तरही बदलेल.

आपल्या डहाणू-तलासरीत

आता अडचण पाहा. आपल्या पाड्यांवर भुयारी गटारेच नाहीत. कोठे शौचालयाचा खड्डा, कोठे सेप्टिक टाकी. शहरात सर्वांचे पाणी एका ठिकाणी येते, तसे येथे येत नाही. पाड्यावरचे तापाने फणफणलेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबणे डॉक्टरांना परवडत नाही. ह्या भागात कोणते औषध निकामी होत चालले आहे, हे आधीच ठाऊक असले, तर योग्य औषध निवडता येते. शहरातल्या बाटलीवरून ते ठरवणे म्हणजे एका पातेल्यातले शीत चेपून दुसऱ्या पातेल्याची परीक्षा करणे होय! येथे आश्रमशाळा, वसतिगृहे व रुग्णालये यांच्या टाक्यांतून निरनिराळे नमुने घ्यावे लागतील.

करून पाहा

सांडपाण्याला हात लावू नका. ते काम प्रशिक्षित माणसांचे. त्याऐवजी ३०० पांढऱ्या व १०० तांबड्या चवळ्या मिसळा. एक मूठ काढून दोन्ही रंगांचे दाणे मोजा. मग चवळ्या परत टाकून त्यांत भाताचे दाणे घाला, नीट कालवा आणि पुन्हा मूठ काढा. चवळ्या कमी येतील. तांबड्यांचे पांढऱ्यांशी गुणोत्तर किती बदलले? दहा मुठींची सरासरी काढा आणि एका मुठीवर किती विश्वास ठेवावा, हे तुम्हीच ठरवा.