पोटाचे अस्तर : कडक झालेले पोट घरी ठेवू नका



गोधडीला अस्तर असते, तसे आपल्या पोटालाही आतून असते. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात, मराठीत पर्युदर. हा पातळ, गुळगुळीत पडदा. त्याचा बाहेरचा थर पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला, तर आतला थर जठर, आतडी, यकृत यांच्यावर चढलेला असतो. मध्ये थोडेसे पाणी असते, म्हणून आतडी न घासता हलतात. हा पडदा पसरला तर जवळपास अंगावरच्या कातडीएवढा भरेल. म्हणूनच त्यात जंतू शिरले की विष सगळ्या शरीरात भिनायला वेळ लागत नाही.

अपेंडिक्स किंवा अल्सर फुटला, टायफॉइडने आतड्याला भोक पडले, तर आतली घाण या पडद्यावर सांडते. क्षयरोगही इथे होतो. तो सावकाश वाढतो. बारीक ताप, वजन घटणे, पोटात पाणी होणे ही त्याची लक्षणे. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

अपेंडिक्सचे दुखणे बहुधा आधी बेंबीभोवती असते, कारण आतल्या थराला नेमकी जागा कळत नाही. सूज बाहेरच्या थराला लागली की ते उजवीकडे खाली येऊन बसते. आपल्याकडे मात्र ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळतात. वॉर्डात काम करताना दोन-दोन दिवस चोळून, जुलाब देऊन मग आणलेले पेशंट आम्ही पाहिले आहेत. अपेंडिक्स फुटल्यावर कधी दुखणे थोडा वेळ कमीही होते. घरच्यांना वाटते, उतार पडला. तिथेच घात होतो.

ही लक्षणे ओळखा :
• पोट फळीसारखे कडक
• हलले, खोकले की कळ
• ताप, उलट्या
• पोट फुगणे, वारा न सरणे

अशा वेळी पोट चोळू नका, शेकू नका, जुलाब देऊ नका, खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड घ्या. ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

आपल्या आया-बहिणी दुखणे अंगावर काढतात. त्यांना आवर्जून विचारा.

पोटाच्या आजाराने मळात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले आणि खाटेवर निजवले. मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. वस्तीत शेजारच्या घरी कुणी पोट धरून बसले असेल, तर वेळेत दवाखान्यात नेणे हाच आपला धम्म.