वांद्र्याच्या भिंतींवरची चित्रं बघायला किती खर्च येतो?

विचारलं की सगळे ‘फुकट’ म्हणतात. ते खरंही आहे. भिंतीला तिकीट नाही. तरी संध्याकाळी घरी येऊन पाकीट चाचपावं तर पाचशेच्या दोन नोटा गायब. त्या कुठे गेल्या, ते दोन-चार फेऱ्यांनंतर मला कळलं.

सुरुवात गाडीपासून करू. स्वतःची चारचाकी नेऊ नका. ही चित्रं आहेत त्या चॅपल रोड आणि रणवार गावाच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. मी पहिल्यांदा रविवारी दुपारी गाडी घेऊन गेलो होतो. पाऊण तास जागा शोधण्यात गेला आणि चित्रापाशी पोचलो तेव्हा त्याच्या पुढ्यात कुणाची तरी पांढरी गाडी लावलेली. अर्धंच चित्र बघून परतलो. लोकलने दादरहून वांद्रे पाच रुपये, चर्चगेटहून दहा. हे दुसऱ्या वर्गाचं एका बाजूचं भाडं. पश्चिमेला उतरलात की रिक्षा. फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे असा दर आहे. स्टेशनपासून रणवार साधारण तेवढ्याच टप्प्यात येतं, त्यामुळे मीटर २६वर किंवा त्याच्या थोडा पुढे थांबायला हवा. ‘साठ द्या, ट्रॅफिक आहे’ असं कुणी म्हटलं तर मीटर टाकायला सांगायचं, नाहीतर पुढची रिक्षा बघायची. बसचं किमान भाडं १० रुपये, वातानुकूलित बसचं १२. पाय धड असतील तर लकी हॉटेलच्या चौकातून हिल रोडने चालत जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. हिल रोडचं कागदोपत्री नाव रामदास नायक मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील.

निघायचं सकाळी सातच्या सुमारास. ऊन कोवळं असतं, गाड्याही कमी असतात. चॅपल रोडवर २०१२ साली रणजित दहिया या चित्रकाराने ‘अनारकली’ या १९५३च्या चित्रपटातल्या बीना राय आणि प्रदीप कुमार यांना भिंतीवर उतरवलं आणि ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू झाला. हा माणूस एकेकाळी घरांना चुना मारायचं काम करायचा. भिंतीचा पोत कसा सांभाळायचा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. जवळ जाऊन बघा. लांबून सपाट दिसणारा गाल जवळून खरबरीत निघतो, प्लास्टरला पोपडे आलेले असतात आणि पावसाळी पाइपचा ओघळ थेट चेहऱ्यावरून खाली येतो. मुंबईचे चार पावसाळे काढले की कुठलाही रंग विटतो. एखादं घर पुनर्विकासात गेलं, तर त्याच्याबरोबर भिंतही जाते. म्हणून जुन्या फोटोंची यादी करून ‘हे हे बघायचं’ असं ठरवून जाऊ नका. निम्मी चित्रं सापडणार नाहीत, आणि यादीत नसलेली दहा सापडतील.

याच दहियाने २०१४ साली रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणाऱ्या माणसाला मुंबईने दिलेली ही सगळ्यांत मोठी भिंत असावी. ते चित्र खाली उभं राहून नव्हे, जरा लांबून बघायचं. त्यासाठी वेगळी रिक्षा करू नका, परतताना वाटेत होतं.

रणवारमध्ये मात्र आवाज खाली. हे प्रदर्शन नव्हे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं गाव आहे. बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओटे, कोपऱ्यावरचा क्रूस. १८९६च्या प्लेगनंतर वांद्र्यात असे क्रूस जागोजाग उभे राहिले. ही माणसं मूळची इथलीच आणि त्यांची घरची बोली मराठीची. ओट्यावर बसलेल्या आजींना मराठीत ‘फोटो काढू का?’ विचारलंत तर बहुतेक वेळा होकार मिळतो, वर कोण कुठल्या गल्लीत राहायचं तेही ऐकायला मिळतं. न विचारता त्यांच्या जिन्यावर चढून पोज देणाऱ्यांना मिळतात ती बोलणी, आणि ती योग्यच. घरगुती बाटली मसाला कोण विकतं, ते इथेच विचारा. उन्हाळ्यात भाजून-कुटून काळपट बाटल्यांत ठासून भरलेला हा मसाला वजनावर महाग वाटतो, पण रश्श्याला एक चमचा पुरतो. एवढी एक खरेदी मी नेहमी करतो.

पाचशेच्या त्या नोटा जातात कॅफेत. दोन कॉफ्या आणि एक केक म्हटलं की सहा-सातशे रुपये सहज होतात. बिल हातात आलं की दोन ओळी बघा. रेस्टॉरंटला जीएसटी पाच टक्के, तो द्यायचाच. त्याखाली ‘सेवा शुल्क’ म्हणून पाच-दहा टक्के दिसले, तर ते ऐच्छिक आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात टाकता येत नाहीत, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हे उचलून धरलं. एका कॅफेत मला ‘आमची पॉलिसी आहे’ असं सांगितलं गेलं. मी शांतपणे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनवर टाइप करायला घेतला. तो लागायच्या आत नवीन बिल आलं. खरं सांगायचं तर कॅफेची गरजच नाही. हिल रोडवरच्या जुन्या बेकऱ्यांत सकाळी ताजा माल येतो. दोघांचं पोट दीडशे-दोनशेत भरतं आणि वर चहा.

वाटाड्या घ्यावा का? माणशी हजाराच्या आसपास घेणारे पुष्कळ आहेत. पैसे देण्याआधी गटात किती जण, खाणं धरून की वेगळं आणि माणूस मराठीत बोलणार का, हे विचारा. वीसपेक्षा जास्त लोक असतील तर सोडून द्या. त्या गल्लीत विसावा माणूस मागच्या वळणावरच असतो. स्वतःपुरता मोबाइलवर फोटो काढायला कुणाला काही द्यायचं नाही. धंद्याच्या जाहिरातीत भित्तिचित्र वापरायचं असेल तर मात्र थांबा. चित्राचे हक्क चित्रकाराचे असतात. मुंबईतल्याच एका भित्तिचित्राच्या अशा वापरावरून २०२३ साली प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं.

वेळ असेल तर वर मोत मावलीला, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चला जा. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, हृदय, घर असं सगळं मिळतं. ज्याला जे हवं ते अर्पण करायचं. मी एकदा तळहाताएवढं मेणाचं घर उचलून पाहिलं. दाराला कडीसुद्धा कोरलेली होती. साधी मेणबत्ती थोडक्यात मिळते, आकारांना जास्त पडतात. भाव आधी विचारावा. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते. तेव्हा चित्रं बघायचा बेत नको, गर्दीत भिंतच दिसत नाही.

सगळा हिशेब दोन माणसांचा, दादरहून: लोकल जाऊन-येऊन वीस, रिक्षा दोन वेळा बावन्न, बेकरी आणि चहा दोनशे, मेणबत्त्या चाळीस. तीनशे बारा रुपये. मसाला वेगळा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर दहा-दहाच्या नोटा जास्त ठेवा. गल्लीतली पोरं जुने कपडे आणि पेंढा भरून ‘ओल्ड मॅन’ बनवतात आणि त्याच्यासाठी वर्गणी मागतात. ३१च्या मध्यरात्री सरत्या वर्षाबरोबर त्यालाही जाळतात.