शेडसाठी प्लेट : ई २५० की ई ३५०?

प्रश्न : सोनईत धान्याच्या गोदामासाठी लोखंडी शेड उभारायची आहे. ई ३५० प्लेट घेतल्यास वजन वाचेल का?

उत्तर : बांधकामाच्या प्लेटची प्रतवारी आयएस २०६२ या मानकात आहे. ‘ई’पुढचा आकडा म्हणजे पोलाद ज्या ताणाला कायमचे ताणले जाऊ लागते, तो ताण मेगापास्कलमध्ये. तोही २० मिमीहून पातळ प्लेटचा. ४० मिमीहून जाड ई २५० प्लेटला २३०च धरतात.

ई ३५० ताकदीला ४० टक्के सरस, पण ताठपणा दोन्हींचा सारखाच : लवचीकता गुणांक सुमारे २ लाख मेगापास्कल. लांब गाळ्याच्या राफ्टरचा आकार बहुधा झोळावर ठरतो आणि सडपातळ खांबाचा बाक येण्यावर. तिथे महाग प्रत घेऊन फारसे काही वाचत नाही. साखर कारखान्यातल्या क्रेन गर्डरच्या वेल्डलाही थकव्यापासून तिचे संरक्षण मिळत नाही. आखूड, जड भाराच्या भागांत मात्र ती परवडते.

‘ई’च्या आकड्यापुढची अक्षरे आघात चाचणीची : बीआर खोलीच्या तापमानाला, बी० शून्य अंशाला, सी उणे २० अंशांना. सोनईच्या थंडीला बीआर पुरते. प्लेटवरचा हीट नंबर मिलच्या चाचणी प्रमाणपत्राशी जुळवूनच माल उतरवावा. नुसत्या बिलावरच्या ‘ई ३५०’ला अर्थ नाही.